सिबिलवर ‘सेटल्ड’ आहे, घर घ्यायचंय: पुण्यात खर्च किती?

धंदा बसला, क्रेडिट कार्ड थकलं, वसुलीवाले दारात आले आणि शेवटी बँकेनं अर्ध्या रकमेवर तडजोड केली. सात-आठ वर्षांपूर्वी हे सगळं सोसून ‘सुटलो एकदाचे’ म्हटलेली बरीच माणसं पुण्यात आहेत. आता पगार नियमित आहे, धायरीला किंवा हडपसरला जुना वन-बीएचके बघून ठेवलाय. बँकेत फाइल दिली की चार दिवसांत फोन येतो, ‘सर, सिबिलमध्ये सेटल्ड दिसतंय.’ इथून पुढे कुठे किती पैसे लागतात आणि ते कोणत्या क्रमानं खर्च करावेत, ते बघू. क्रम चुकला की तेच घर दहा-पंधरा लाखांनी महाग पडतं.

बोलताना आपण ‘दिवाळं निघालं’ म्हणतो, पण कोर्टानं रीतसर नादार ठरवलेला पुणेकर विरळाच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकीच्यांना १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, म्हणजे शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. तुम्ही त्या वाटेनं गेला असाल तर न्यायालयाचा मुक्ततेचा आदेश आधी शोधून काढा. तो नसेल तर कागदोपत्री तुम्ही अजून नादारच आहात, आणि ही गोष्ट लपवून कुणाकडून पन्नास रुपये उधार घेतले तरी या कायद्यानं तो गुन्हा आहे. हे पन्नास रुपये १९२० सालचे! गृहकर्जाचा अर्ज तर फार पुढची गोष्ट.

बँक खात्याचं मात्र उगाच टेन्शन घेतात लोक. बचत खातं उघडायला सिबिल लागत नाही, आधार आणि पॅन लागतं. खिशात पैसे कमी असतील तर ‘बेसिक सेव्हिंग्ज’ खातं मागा. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. अट एकच, त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवर या खात्याचं नाव सहसा कुणी आपणहून काढत नाही, तुम्हालाच काढावं लागतं. आणि एक पथ्य पाळा: ज्या बँकेचं जुनं देणं अजून अंगावर आहे तिथे पगाराचं खातं उघडू नका. येणं असलेली बँक तुमच्याच खात्यातून ते वळतं करून घेऊ शकते, आणि महिन्याच्या एक तारखेला ते कळणं फार वाईट.

पहिला खर्च: शून्य रुपये

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा, कारण एकीकडे नसलेली नोंद दुसरीकडे सापडते. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये कुठे आहे ते नंतर बघा. रिझर्व्ह बँकेनं कर्जासाठी कुठलाही किमान स्कोअर ठरवलेला नाही, तो प्रत्येक बँक आपापला ठरवते.

आधी एकेका खात्याखालच्या ओळी वाचा. ‘रिटन-ऑफ’ म्हणजे बँकेनं तुमचं कर्ज बुडीत धरलं, माफ केलं नाही. ‘सेटल्ड’ म्हणजे कमी पैशांवर मिटवलं. ‘पोस्ट रिटन-ऑफ सेटल्ड’ म्हणजे आधी बुडीत धरलं, मग मिटवलं. ‘सूट फाइल्ड’ दिसलं तर तुमच्यावर दावा लागला होता. खाली छत्तीस महिन्यांचे चौकोन असतात, त्यात किती दिवस हप्ता थकला तो आकडा असतो. मित्राच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही इथेच सापडेल, ‘गॅरंटर’ म्हणून. सहकारी बँकांच्या या शहरात सही करून विसरलेले जामीनदार थोडेथोडके नाहीत.

‘सात वर्षांनी नाव आपोआप निघतं’ हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान अर्धंच खरं आहे. २००५ च्या कायद्यानं ही माहिती किमान सात वर्षं ठेवायची आहे. सात वर्षांनी पुसलीच पाहिजे, असं तो म्हणत नाही.

दुसरा खर्च: राहिलेली रक्कम

समजा, क्रेडिट कार्डाचे १ लाख ८० हजार थकले होते आणि ७५ हजारांवर मिटलं. बँकेनं सोडलेले १ लाख ५ हजार हीच आजची अडचण. ते भरायची तयारी दाखवून बँकेच्या वसुली विभागाला लेखी पत्र द्या. मूळ सुटीपुरतं मागा, वरचं व्याज आणि दंड काढायला लावा. इतक्या जुन्या खात्यावर बँका सहसा ताणून धरत नाहीत. पैसे भरण्याआधी एकच गोष्ट हातात हवी: ‘ही रक्कम मिळाल्यावर खातं पूर्ण फेड म्हणून बंद करू आणि चारही कंपन्यांना तसं कळवू’ असं लेटरहेडवर. भरल्यानंतर नो ड्यूज घ्या आणि तो काउंटरवरच वाचा. त्यात ‘तडजोडीनुसार’ हा शब्द राहिला असेल तर परत करा, दुसरा मागा. त्या एका शब्दापायी रिपोर्टात पुन्हा ‘सेटल्ड’च येतं.

खातं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेलं असेल तर पैसे त्या कंपनीला द्यायचे. रिपोर्टावर कुणाचं नाव आहे ते बघूनच चेक लिहा; जुन्या वसुली एजंटाच्या जीपेवर तर एक रुपयाही नको.

पुण्यात आणखी एक गुंता आहे. कर्ज देणारी बँकच आता नाही. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये गेला, रुपी बँकेचा आणि पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा २०२२ मध्ये. अशा बँकेचं जुनं कर्ज असेल तर दाखला अवसायकाकडून घ्यावा लागतो. पैसे फारसे लागत नाहीत, पण खेटे घालावे लागतात, म्हणून हे काम घर बघण्याच्या आधी सुरू करा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर सोपं आहे, आजची बँक कागद देते.

लोकअदालतीबद्दल एक सावधगिरी. तिथे कोर्ट फी लागत नाही, निवाडा अंतिम असतो, दावा खरोखर संपतो. पण कमी रकमेवर मिटलं तर तीही तडजोडच, रिपोर्टातला शिक्का तोच. बँकेचा दावा अंगावर असेल तर जरूर जा; घरासाठी रिपोर्ट साफ करायचा असेल तर तेवढ्यानं भागणार नाही.

नो ड्यूज मिळूनही रिपोर्ट बदलला नाही तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाका. फी नाही. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते; हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी हललं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तोही मोफत. मग ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणत हजारो रुपये घेणारे एजंट काय करतात? हीच तक्रार तुमच्या नावानं टाकतात. खरी नोंद कुणाच्याच बापाला पुसता येत नाही.

तिसरा खर्च: धीर

खातं बंद झाल्यावर लगेच गृहकर्जाचा अर्ज टाकू नका. वीस-पंचवीस हजारांची मुदत ठेव करून त्यावर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, किराणा आणि पेट्रोलपुरतं वापरा, बिल दर महिन्याला पूर्ण भरा. वर्षभर असं केलं की रिपोर्टात ताज्या, स्वच्छ नोंदी दिसू लागतात. गल्लीतल्या पतसंस्थेचं कर्ज वेळेवर फेडणं चांगलंच, पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, त्यामुळे ती फेड सिबिलमध्ये दिसेलच असं नाही. आणि चार बँकांत एकदम अर्ज तर नकोच; प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि पुढच्याला दिसते.

आता घर

महापालिका हद्दीतला ४५ लाखांचा जुना फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं, म्हणजे ३६ लाख. जुना डाग असलेल्याला बँक हात आखडता घेते. ७० टक्के धरले तर ३१ लाख ५० हजार. स्वतःचे साडेतेरा लाख.

मुद्रांक शुल्क मेट्रोच्या एका टक्क्यासकट ७ टक्के: ३ लाख १५ हजार. सरकारी रेडी रेकनरची किंमत जास्त निघाली तर त्यावर. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही खिशातून जातात, बँक ते घराच्या किमतीत धरत नाही. प्रोसेसिंग फी बँकेत पाव ते अर्धा टक्का असते, ०.३५ टक्के धरले तर १८ टक्के जीएसटीसकट साधारण १३ हजार. गृहवित्त कंपनीत हीच फी एक-दीड टक्का, कधी दोन. वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि मूल्यांकन मिळून दहाएक हजार. गहाणाचं मुद्रांक शुल्क कर्जाच्या ०.३ टक्के, ९,४५० रुपये. त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करायला हजारभर आणि वर थोडं. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य शहरात जास्तीत जास्त २५ हजार. कमिटी ‘देणगी’ म्हणून जास्त मागू लागली तर २००१ चं सरकारी परिपत्रक दाखवा. हे कुणी भरायचं ते विकणाऱ्याशी आधीच ठरवा. दलाल एक टक्का, ४५ हजार. सगळी बेरीज अठरा लाखांच्या घरात जाते. दाराला रंग आणि गॅसचं कनेक्शन त्यात नाही.

घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक ६ टक्के, ४५ हजार वाचतात. पण कर्जासाठी तुमचं उत्पन्न धरायचं असेल तर तुम्ही सहकर्जदार होता आणि तुमचा रिपोर्ट उघडला जातोच. तिचं एकटीचं उत्पन्न पुरत असेल तरच ही वाट खरी.

व्याजाचा फरक सगळ्यात मोठा. ३१ लाख ५० हजार, वीस वर्षं. ८ टक्क्यांनी हप्ता साधारण २६,३५०. डागाळलेल्या रिपोर्टवर एखाद्या गृहवित्त कंपनीनं ११ टक्के लावले तर ३२,५००. महिन्याला सहा हजारांवर, वीस वर्षांत जवळपास पावणेपंधरा लाख. आता वरचे १ लाख ५ हजार पुन्हा आठवून बघा.

घर हातचं जाऊ द्यायचं नसेल आणि महाग कर्ज घ्यावंच लागलं, तर ते तरत्या दराचंच घ्या. व्यक्तीच्या अशा गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. पंधरा-वीस हप्ते एकही दिवस न चुकवता भरा आणि मग दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवा. तेव्हा प्रोसेसिंग फी, वकील आणि गहाणाचं शुल्क पुन्हा लागेल, तीस-पस्तीस हजार बाजूला ठेवा. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारातलं दंडाचं कलम सही करण्याआधी शोधा; ते बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत असतं. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर सावकाराच्या बाजूनं झाला तर दिवसाला ५,००० रुपये त्यानं तुम्हाला द्यायचे असतात, म्हणून कागद मागितल्याच्या अर्जावर तारखेसकट पोच घ्या.