मँचेस्टरला निघालेल्या डॉक्टर भाचीला मावशीचा कानमंत्र

पोरी, इंटर्नशिप संपत आली आणि तुझे डोळे मँचेस्टरकडे लागले, हे आता आपल्या अख्ख्या सिल्व्हर पार्क परिसराला ठाऊक आहे. अभ्यास तू करशीलच, त्यात मी लुडबुड करणार नाही. पण आपल्या आसपासची जी मुलं गेली, त्यांना पुस्तकांपेक्षा कागदांनीच जास्त रडवलं. म्हणून चार गोष्टी सांगते.

१. आधी देश ठरव, मग पुस्तक उघड – ब्रिटनची प्लॅब आणि अमेरिकेची यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परीक्षांचा अभ्यास थोडाफार जुळतो, पण खर्च, वेळापत्रक आणि पुढची वाट अजिबात जुळत नाही.

२. पासपोर्ट, दहावीची मार्कलिस्ट आणि डिग्री शेजारीशेजारी ठेवून स्वतःचं नाव अक्षर-अक्षर ताडून बघ – आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर आईचं नावही. परक्या तपासनिसाला त्या तीन वेगळ्या मुली वाटतात. काना चुकला की गाडा रुतला!

३. मध्येच लग्न ठरलं तर आनंदच आहे, लाजू नकोस. पण ब्रिटनचं रजिस्ट्रेशन हाती येईपर्यंत आडनाव बदलू नकोस – एक नाव बदललं की सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावी लागते.

४. डिग्रीची पडताळणी लवकर सुरू कर – ब्रिटनला जायचं असलं तरी हे काम ‘एपिक’ या पडताळणी सेवेमार्फत होतं आणि ती चालवते फिलाडेल्फियाची ईसीएफएमजी ही संस्था. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या शहरात एम.डी. झाल्या, तेच हे शहर. तिथून विचारणा थेट डिग्री देणाऱ्या संस्थेकडे येते आणि उत्तर किती दिवसांत जाईल ते तुझ्या हातात नसतं.

५. इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर प्रत्येक पोस्टिंगच्या तारखा, सही आणि शिक्का कॉलेज सोडण्याआधी तपासून घे – नंतर त्या एका सहीसाठी सुट्टी काढून हेलपाटे घालावे लागतात.

६. इंग्रजीला गृहीत धरू नकोस – आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७ एकाच बैठकीत लागतात. लिहिण्याच्या भागात हुशार मुलंही अर्ध्या गुणाने अडतात. त्याऐवजी ओईटी ही परीक्षा दिलीस तर चारही भागांत बी ग्रेड हवी.

७. सगळ्या मुदती एका वहीत लिही – इंग्रजीचा निकाल दोन वर्षं चालतो आणि प्लॅबचा पहिला भाग पास झाल्यावर दुसराही दोन वर्षांत पास व्हावा लागतो. तारीख जपेल तो तरेल.

८. प्लॅबच्या पहिल्या भागाचा सराव घड्याळ लावूनच कर – १८० प्रश्न, तीन तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट.

९. दुसऱ्या भागासाठी मात्र गप्प बसायला शीक, राणी – तो मँचेस्टरला होतो, तिथे परीक्षेच्या एकेका टप्प्यावर, म्हणजे ‘स्टेशन’वर, आठ मिनिटं मिळतात आणि तीन बाजूंनी गुण देतात: माहिती कशी काढलीस, उपचार काय ठरवलास आणि माणसाशी कशी वागलीस. आपल्या ओपीडीच्या रांगेत पेशंटचं वाक्य तोडायची सवय लागते, ती तिथे महागात पडते. रोज घरातल्या कुणालातरी पेशंट करून त्याचं बोलणं पूर्ण ऐक. आधी कान, मग ज्ञान.

१०. ‘रिकॉल’ म्हणून, म्हणजे आधीच्या परीक्षेतले आठवून लिहिलेले म्हणून, फोनवर फिरणारे प्रश्न विकत घेऊ नकोस, फुकटही नको – २०२४ च्या सुरुवातीला नेपाळशी संबंधित काही परीक्षार्थींचे यूएसएमएलईचे निकाल अशाच संशयावरून रद्द झाले. त्यात कष्टाने शिकलेली मुलंही असतील, या विचाराने माझा जीव आजही तुटतो.

११. परीक्षेच्या दोन दिवस आधी केंद्र बघून ये – मीरा-भाईंदर रोडची गर्दी आणि विरारहून भरून येणारी लोकल तुझ्या हॉल तिकिटाकडे बघत नाही.

१२. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेव, नूतनीकरण वेळेवर कर – तिकडे ‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे डॉक्टर म्हणून तुझ्यावर ठपका नसल्याचं, सर्टिफिकेट मागतात आणि ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढ.

१३. इथलं काम सोडून नुसती अभ्यासाला बसू नकोस – भारतातल्या डिग्र्यांची सरसकट मान्यता ब्रिटनने १९७५ मध्ये काढून घेतली तेव्हापासून परीक्षा आली, आणि आता तर परीक्षा पास होऊनही नोकरीसाठी थांबावं लागतं. एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग असतो, तिथलं सरकारही आपल्या पदवीधरांना आधी घ्यायच्या विचाराचं आहे. म्हणून सहा-आठ महिने पगाराशिवाय निघतील एवढे पैसे बाजूला काढ, तेवढे साठल्याशिवाय मँचेस्टरचं तिकीट काढू नकोस.