घरातील वस्तू आणि मराठी शब्द : गिरगाव ते लालबाग

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर आपणांस घरगुती साधने कशी रुळतात व कशी मागे पडतात हे मुंबईतील चाळींच्या उदाहरणावरून सांगता येईल. वस्तू नाहीशी झाल्यावर तिच्याशी निगडित नाम, क्रियापद, वाक्प्रचार आणि वाङ्मयप्रकार यांची गती निरनिराळी का असते याचे विवेचन करता येईल. तसेच आपल्या परिसरातील वस्तुशब्दांचे संकलन करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण आजही सहज वापरतो. ज्याच्या घरात मातीची चूल कधी पेटलीच नाही, असा गिरगावातील तरुणही ती वापरतो आणि ऐकणाऱ्याला ती कळते. ‘वेगळी चूल मांडणे’, ‘उखळ पांढरे होणे’, ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ यांचेही तसेच. याउलट, ज्या स्टोव्हवर गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील दोन-तीन पिढ्यांचा स्वयंपाक झाला, त्या स्टोव्हच्या नावाने मराठीत एकही म्हण रूढ झालेली दिसत नाही. असे का व्हावे, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

नवी गोष्ट समाजात कशी पसरते याची सर्वांत परिचित मांडणी एव्हरेट रॉजर्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली केली. आरंभी मोजके लोक नवी वस्तू स्वीकारतात, मग वेग वाढतो, शेवटी मागे राहिलेलेही येतात, असा तो आलेख. मांडणी उपयुक्त आहे. मात्र तीत वस्तू घ्यायची की नाही हे माणूस स्वतः ठरवतो, असे बरेचसे गृहीत धरलेले असते. चाळीतील एका खोलीच्या संसारात ते जागा, पगार, शिधापत्रिका आणि प्रतीक्षायादी ठरवीत असत. पुढील विवेचन वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

७.२ जाते आणि गिरणी

जात्याबरोबर मराठीला एक संपूर्ण वाङ्मयप्रकार मिळाला. ओवीची लय दळणाऱ्या हाताच्या फेऱ्याशी बांधलेली होती. जनीबरोबर दळायला विठ्ठल बसतो ही कथा जात्याभोवतीच घडते. पुण्याचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्या याच जाणिवेतून, की जाते थांबले तर ओवी म्हणण्याचे निमित्तच उरणार नाही.

कोकण आणि घाटावरून मुंबईत आलेल्या बायकांच्या हातातून जाते लवकर सुटले. चाळीच्या खोलीत त्याला जागा नव्हती आणि पिठाची गिरणी कोपऱ्यावर होती. येथे भाषेने एक गंमत केली आहे. कापसाचे सूत काढणारा प्रचंड कारखानाही ‘गिरणी’ आणि धान्य दळणारे छोटे दुकानही ‘गिरणी’. नवरा गिरणीत जाई, बायको गिरणीवर जाई. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांवरूनच कोणती गिरणी ते कळे. जाते गेले तरी ‘दळण’ हा शब्द टिकला. पूर्वी ती एक क्रिया होती, आता ‘दळण टाकणे’ म्हणजे डबा गिरणीवाल्याच्या हाती देणे. ओवी मात्र डब्याबरोबर गेली नाही.

७.३ स्टोव्ह : एका वस्तूचे चरित्र

दाबावर चालणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली घडवला. ‘प्रायमस’ हे त्याचे व्यापारी नाव मराठीतही काही काळ सामान्यनामासारखे वापरले गेले. पितळी टाकीत रॉकेल भरायचे, बर्नरच्या गळ्याभोवती स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावून तो तापवायचा, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडते आणि निळ्या ज्योतीने, मोठा आवाज करीत जळते. छिद्र तुंबले की पिन मारायची. ‘काकडा’ हा देवळातील पहाटेच्या आरतीचा शब्द येथे स्वयंपाकघरात आला, हे आवर्जून पाहण्यासारखे आहे. परकी वस्तू आली की तिच्या मुख्य अंगाला परके नाव राहते, पण हाताळणीतले बारकावे घरच्या शब्दांनी भरले जातात. इंधनाची नावेही पाहा. ‘रॉक ऑइल’पासून रॉकेल, ‘गॅसलाइट’पासून घासलेट, विदर्भ-मराठवाड्यात मातीचे तेल.

चाळीला स्टोव्ह इतका का मानवला? तो जमिनीवर ठेवता येई, पाटावर बसून स्वयंपाक करता येई आणि काम झाले की उचलून कोपऱ्यात सरकवता येई. बीडीडी चाळीतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्याच जागेत जेवण, अभ्यास, झोप आणि पाळीवरून आलेल्या माणसाची दिवसाची विश्रांती. शिवाय लाकूड-कोळशाचा धूर लाकडी माळ्याखाली कोंडत असे, तो टळला. स्टोव्ह हे उपजीविकेचे साधनही झाले. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळी बायका आपल्या खोलीतच चालवीत. त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले.

स्टोव्ह म्हणजे रॉकेल आणि रॉकेल म्हणजे शिधावाटप दुकानापुढील रांग. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातील वस्तू तेव्हा निषेधाच्या चिन्हात रूपांतरित झाल्या. चिन्ह होण्याचा हा मान लाटण्याला मिळाला, स्टोव्हला नाही, हेही नोंदवावे.

स्टोव्हने मराठीला म्हण दिली नाही. वृत्तपत्रीय मराठीला मात्र एक वाक्यरचना दिली : ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ व्याकरणाच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी थांबावे. येथे उडणारा भडका आहे, मृत्यू आहे. माणूस कर्ता म्हणून कोठेच नाही. सदोष स्टोव्हमुळे खरेखुरे अपघात होत असत, यात शंका नाही. परंतु हुंड्यासाठी झालेले छळ आणि खूनही याच वाक्यामागे झाकले जात होते आणि स्त्री-चळवळीने नेमका तो पडदा ओढला. भारतीय दंडविधानात १९८३ साली कलम ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीविषयीचे कलम ३०४-ब आले. कायद्याने विचारलेला प्रश्न एका अर्थी व्याकरणाचाच होता : कर्ता कोण?

आपली प्रगती तपासा : जुन्या वृत्तपत्रांतील अपघातविषयक मथळ्यांत कर्ता कोणत्या रीतीने वगळला जातो, ते तीन उदाहरणांनी स्पष्ट करा.

७.४ वायू, ओटा आणि उभ्याने स्वयंपाक

लालबागेत गॅस कंपनी लेन आहे. बॉम्बे गॅस कंपनीच्या कारखान्याची ती खूण. कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली लागले. याच कारखान्याशेजारच्या एका शेडमध्ये १८९७ साली अर्देशर गोदरेज यांनी कुलपे बनवायला आरंभ केला. पुढे ‘गोदरेजचे कपाट’ हे मराठी घरात लोखंडी कपाटाचे नावच होऊन बसले, मग ते कोणीही बनवलेले असो. म्हणजे लालबागच्या जमिनीखाली वायूच्या नळ्या होत्या, तरी आसपासच्या चाळीतला स्वयंपाक शेगडी आणि स्टोव्हवर होत राहिला. तंत्र शेजारी असणे आणि घरात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाटलीतला वायू मुंबईत बर्मा-शेल कंपनीने १९५०च्या दशकाच्या मध्यास आणला. सामान्य कुटुंबाला तो मिळायला मात्र फार काळ लागला. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. खासदारांच्या वाट्याला आलेल्या जोडण्यांसाठी ओळखी काढाव्या लागत. जोडणी मिळाली की शिधापत्रिकेवर तशी नोंद होई आणि रॉकेल कमी होई, त्यामुळे दोन्ही दगडांवर पाय ठेवणे अवघड होते. रॉजर्सच्या आलेखात ‘मागे राहिलेले’ म्हणून जे गणले जातील, त्यांतले कित्येक जण प्रत्यक्षात रांगेत पुढे उभे होते.

या बदलाने घराची उंची बदलली. द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असतो. सिलिंडर उभा ठेवून शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर ठेवावी लागते. म्हणून ओटा आला. पाटावर बसून रांधणारी बाई उभी राहिली. ‘चुलीपाशी बसणे’ हा प्रयोग मग केवळ लाक्षणिक उरला. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि वायू पुन्हा नळातून येऊ लागला, तोही घरात.

७.५ कल्हई, बोहारीण आणि एक हरवलेले क्रियापद

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो धातूच्या संसर्गाने बिघडतो. यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे : कळकणे. ताक कळकते, आमटी कळकते. उपाय म्हणजे कल्हई. भाता लावून पेटवलेल्या कोळशांवर भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून लेप पसरवायचा. काळवंडलेले पातेले क्षणात चांदीसारखे होई. चाळीच्या चौकातील मुलांसाठी हा खेळच होता.

स्टेनलेस स्टील आले ते केवळ दुकानातून नव्हे, तर बोहारणीच्या टोपलीतूनही. जुने कपडे, विशेषतः जरीच्या साड्या, घ्यायच्या आणि त्यांच्या बदल्यात नवे भांडे द्यायचे, ही तिची रीत. रोख पैसा पुरुषाच्या हाती असलेल्या घरात बाईला स्वतःच्या अखत्यारीत वस्तू मिळवण्याचा हा मार्ग होता. प्रसाराच्या अभ्यासात त्याला फारसे स्थान मिळालेले नाही, हे योग्य नव्हे. स्टील कळकत नाही. त्यामुळे कल्हईवाला गेला आणि त्याच्याबरोबर हे क्रियापदही गेले. आजच्या विद्यार्थ्याला ‘कल्हई’ ऐकून माहीत असते, ‘कळकणे’ बहुधा नसते. वस्तूचे नाव आठवणीत राहते. त्या वस्तूशी होणाऱ्या विशिष्ट व्यवहाराचे क्रियापद आधी विझते. म्हण सर्वांत शेवटी जाते, कारण तिला वस्तूची गरजच उरलेली नसते.

आता स्टोव्हला म्हण का नाही, याचे उत्तर देता येईल. चूल, जाते, उखळ ही साधने शतकानुशतके, गावोगावी, सर्व जातीजमातींत होती. स्टोव्हचे राज्य शे-सव्वाशे वर्षांपेक्षा कमी आणि तेही प्रामुख्याने शहरी. एक कारण माझ्या मते आणखी आहे : जात्याच्या घरघरीत गाता येते, स्टोव्हच्या आवाजात शेजारचे बोलणेही ऐकू येत नाही.

७.६ रेडिओ, दूरचित्रवाणी आणि वाटण

मुंबईचे प्रसारण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. रेडिओ बाळगायला परवाना लागे व टपाल कार्यालयात त्याचे शुल्क भरावे लागे. चाळीत एका घरातला रेडिओ मजल्याचा असे. आकाशवाणीची ‘कामगार सभा’ आणि ‘वनिता मंडळ’ गॅलरीतूनही ऐकली जात. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर हीच सामायिकता संचापुढे बसली. संच घरोघरी आले तशी दारे बंद झाली. हा प्रवास एकाच दिशेचा नव्हता : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात जमवलेली भांडी आणि दागिने कित्येक घरांतून बाहेर पडले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ वाचताना या दृष्टीने घराकडे पाहावे.

मिक्सरची गोष्ट वेगळी. परदेशी यंत्र भारतीय वाटणापुढे टिकेना, म्हणून सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३च्या सुमारास ‘सुमीत’ घडवला. मिक्सरचे पाते कापते, घासत नाही. तरीही आपण ‘वाटण’च म्हणतो. पाटा-वरवंटा गेला, पण त्याची क्रिया यंत्राला बहाल झाली. कुटण्याचे काम मात्र मिक्सरने घेतले नाही. उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्या निवडून घेणाऱ्या, त्या भाजून कांडपावर कुटून घेणाऱ्या बायकांची गर्दी अजून होते. उखळ घरातून गेले ते बाजारात यंत्र होऊन उभे आहे.

७.७ क्षेत्रीय कार्य

नायगाव, ना. म. जोशी मार्ग व वरळी येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू असून १६० चौरस फुटांच्या खोलीतील कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या सदनिकांत जात आहेत. घर बदलताना माळ्यावरच्या वस्तू प्रथम भंगारात जातात. आपल्या परिसरातील साठीपुढील दोन व्यक्तींशी, शक्यतो त्या माळा आवरण्यापूर्वी, बोलावे. ‘तुमच्याकडे काय होते?’ असे विचारल्यास नामांची यादी मिळते. ‘आजी, स्टोव्ह कसा पेटवायचा?’ असे विचारावे आणि उत्तरातील क्रियापदे जशीच्या तशी लिहून घ्यावीत. प्रत्येक शब्दापुढे चाळ, मूळ गाव व अंदाजे वय नोंदवावे. व्यक्तीचे नाव लिहू नये. किमान वीस शब्दांची वही पुढील संपर्कसत्रास सोबत आणावी.