घरांतील नंदी

तान्ह्या पोळ्याचें वर्णन बोरगाव मेघे येथील मुलांस सांगणें म्हणजे मामाला आजोळ दाखविण्यासारखें आहे. पिठोरी अमावास्येस खऱ्या बैलांचा पोळा भरतो, आणि दुसऱ्या दिवशीं मुलें लांकडी नंदी सजवून तोरणाखालीं आणतात व घरोघर बोजारा मागत फिरतात. आपल्याच जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) येथें तर हा सोहळा पाहावयास दुरून लोक येतात. पण तो दिवस मावळल्यावर नंदी जातो कोठें? बहुधा माळ्यावर, आणि तेथून कित्येकदां चुलींत.

आम्हीं एकदां वर्गांत विचारलें कीं, आजोबांच्या वेळचा नंदी कोणाच्या घरीं आहे? पुष्कळ हात वर झाले. तो कोणत्या गांवच्या सुतारानें घडविला, असें विचारतांच सारे हात खालीं आले. वस्तु घरांत राहिली होती, पण तिची ओळख निघून गेली होती.

अशा वस्तूंची ओळख जपण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें ते पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०). ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत. घरचा धंदा चष्म्यांचा. पण मन गुंतलें तें दिवे, दौती, फण्या, पाय घासावयाच्या वज्र्या, स्वयंपाकाचीं भांडीं व कोरीव दारें यांत. यासाठीं ते गांवोगांव हिंडले, आणि पत्नी कमलाबाई यांनीं त्यांस साथ दिली. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरण्याचें साधें हत्यार. पण त्यांच्या संग्रहांत तो कोठें पक्षी होतो, कोठें घोडा, तर कोठें स्त्रीपुरुषांचें जोडपें! रोजच्या हातांतल्या वस्तूवर कारागिरानें इतका जीव कां ओतावा, हा प्रश्न तेथें आपोआप मनांत उभा राहतो. त्यांचा राजा नांवाचा मुलगा बालपणींच वारला. संग्रहालयास त्याचें नांव आहे. १९७५ सालीं त्यांनीं वीस हजारांच्या घरांतील हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्यांस पुणें दूर वाटेल त्यांनीं वर्ध्याचें मगन संग्रहालय तरी पाहावें. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींनीं तें उघडलें.

मात्र संग्रह म्हणजे विकत घेऊन कपाटें भरणें, असें कोणी समजूं नये. बाजारांतून आणलेल्या दहा वस्तूंपेक्षां घरचीच एक, जिची हकीकत आपणांस ठाऊक आहे, ती आम्हांस मोलाची वाटते. पितळी समई फार खरडून घासूं नये, नक्षी झिजते. आजीच्या हातची गोधडी सावलींत वाऱ्यावर टाकावी. कडक उन्हानें रंग विटतो. लांकडी वस्तु कोरड्या फडक्यानें पुसावी, आणि पावसाळ्यांत ओलसर भिंतीस टेकवूं नये, नाहीं तर वाळवी लागते. आणि जुन्या वस्तूस नवा रंग तर मुळींच देऊं नये.

हें शेवटचें आम्ही अनुभवानें लिहीत आहों. आमच्या सासूबाईंच्या माहेरचा एक नंदी आमच्या घरीं आहे. एका वर्षीं मुलांच्या आग्रहास्तव आम्हीं बाजारांतून तैलरंगाचा डबा आणला आणि रात्रीं बसून नंदीला पांढराशुभ्र केला. सकाळीं सासूबाईंनीं त्याच्या कपाळावरून बोट फिरविलें. तेथें पटाशीनें कोरलेलें एक लहान फूल होतें. रंगाच्या थरानें तें बुजून गेलें होतें. त्या रागावल्या नाहींत. पुनः एकदां बोट फिरवून आंत गेल्या. तो रंग खरवडावा तर फूलहि जाईल, या भीतीनें आम्हीं तो तसाच राहूं दिला आहे.

त्याच दिवशीं सायंकाळीं आम्ही एक कोरी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलों. नंदी कोणीं दिला, कोणत्या सालीं, लांकूड कोठलें, फूल किती पाकळ्यांचें होतें, हें त्या सांगत गेल्या व आम्ही लिहीत गेलों. पाकळ्या पांच कीं सहा, एवढें मात्र त्यांना आठवेना. तेवढी जागा आम्हीं वहींत मोकळी सोडली आहे.