अवतरणचिन्हांतील साक्ष : गुन्हेवार्तेतील उद्धृतांचा भाषिक विचार

गुन्ह्याच्या वार्तेत मुलाखतीतील उद्गार अवतरणचिन्हांत येतात, तेव्हा हे शब्द बोलणाऱ्याचेच आहेत, अशी हमी वाचकाला मिळत असते. खानदेशात ही हमी पाळणे विशेष अवघड आहे. शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्यासारख्या गावी साक्षीदार अहिराणीत बोलतो. वार्ता मात्र प्रमाण मराठीत छापली जाते. साहजिकच अवतरणचिन्हांत येते ते मूळ विधान नसून त्याचे भाषांतर असते.

या भाषांतरात ऐकीवपणाची खूण सहज गळून पडते. मराठीतील 'म्हणे' हा शब्द पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद राखतो. अहिराणीभाषक 'लोक म्हणतस' असे म्हणून तोच भेद दर्शवितो. उदाहरणादाखल 'पोरं पळवणारी टोळी आली म्हणे' हे वाक्य घेता येईल. त्यातील 'म्हणे' वगळून उरलेले शब्द अवतरणचिन्हांत घातले, की अफवेची साक्ष होते.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली. ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी मानली गेली, तर त्याची परिणती कोठवर जाते, हे या घटनेतून दिसते. अशा घटनेचे वृत्त लिहिताना तीच चूक लेखणीकडून घडता कामा नये.

'आरोपीने गुन्हा कबूल केला' या विधानाबाबतही हेच म्हणता येईल. ते बहुधा पोलिसांचे असते. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. 'असे पोलिसांनी सांगितले' हे शब्द गाळले, तर न्यायालय जे सहसा स्वीकारणार नाही, ते वाचक निःशंकपणे स्वीकारतो.

तात्पर्य, शब्द जसेच्या तसे टिपले असतील तरच अवतरणचिन्हे वापरावीत. अन्यथा अप्रत्यक्ष कथन पत्करावे. निर्णायक अहिराणी शब्द मूळ रूपात ठेवून त्याचा अर्थ पुढे द्यावा. 'पाहिले की ऐकले?' हा प्रश्न साक्षीदाराला विचारावा आणि त्याचे उत्तरही छापावे. वार्तेतील 'म्हणे' हा अनेकदा एखाद्या निरपराध माणसाचा एकमेव बचाव असतो.