पुन्हा भेटीच्या आशेवर

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, सासर बारामतीचं. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली आणि रविवार लहानपणापासून चर्चमध्ये गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातून आलेल्या मिशनऱ्यांनी बारामतीत काम उभं केलं. आमच्या सासरचे लोक त्या काळापासून ख्रिस्ती. आईवडील, सासूबाई आणि हे, सगळ्यांना मी इथल्याच काळ्या मातीत ठेवलं आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आणि सार्वकालिक जीवनावर माझा विश्वास आहे. त्या विश्वासाने आमचं घर कसं सांभाळलं, ते सांगते.

१. रडू आलं तर रडावं.

हे गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायका मला समजावत होत्या, "बाई, रडू नका, ते प्रभूजवळ गेलेत. तुम्हीच रडलात तर विश्वास कुठं राहिला?" त्यांच्या बोलण्यात माया होती, पण बायबल असं सांगत नाही. बेथानीला लाजराच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला. घटकाभरात आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरीही लाजराची बहीण मरिया आणि तिच्याबरोबरचे लोक रडताना पाहून त्याला भरून आलं. पौलानेसुद्धा थेस्सलनीकाच्या मंडळीला शोकाची बंदी केली नाही; तुमच्या शोकात आशा असू द्या, एवढंच त्याचं मागणं. म्हणून दुःखाच्या घरी गेले की मी उपदेश करत नाही. जवळ बसते, पाणी देते, ती माउली बोलेल ते ऐकते. वचन सांगायला पाळकसाहेब आहेतच.

२. कबर हरवली तरी माणूस हरवत नाही.

आजोबांची कबर भीमेकाठच्या आमच्या जुन्या गावात होती, शेताच्या बांधाला. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. पाणी चढत गेलं आणि घर, विहीर, चिंचेचं झाड, सगळ्यांबरोबर ती कबरही बुडाली. घराचे पैसे मिळाले. कबरेचे कोण देणार आणि कोण मागणार?

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आजी काठावर जायची, मला बरोबर घेऊन. पळसदेवचं जुनं देऊळ तेव्हा पाण्यातून वर यायचं आणि ते बघायला लोक जमायचे. आमचा बांध मात्र खोलात. तो कधी उघडा पडला नाही. भेगाळलेला गाळ, त्यात पांढरे शिंपले, पडक्या भिंतींचे दगड. आजी चपला हातात घेऊन त्या गाळावरून चालायची, एका ठिकाणी थांबायची आणि बोट दाखवायची, "तकडं, त्या वठलेल्या बाभळीच्या पल्याड." मी शाळकरी होते. एकदा विचारलंच, "आज्जी, प्रभू येईल तेव्हा आजोबा पाण्यातनं कसे गं उठतील?"

"मातीतनं माणूस घडवला त्यानं. त्याला पाण्याची कसली आलीय अडचण?"

एवढं बोलून तिने तिथेच आजोबांच्या आवडीचं भजन म्हटलं, उन्हात उभं राहून, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. पुढे प्रकटीकरणाच्या पुस्तकात वाचलं की शेवटच्या दिवशी समुद्रही आपल्या पोटातले मेलेले परत देईल. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं. चर्चमध्ये ऐकून ऐकून तिने ते पक्कं धरलं होतं.

ईस्टरच्या आधी आम्ही कबरस्तानात खुरपी आणि चुन्याची बादली घेऊन जातो. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर कबरी खचतात, क्रूस कलतात, गाजरगवत कंबरेएवढं माजतं. ते सगळं मी मनापासून साफ करते. पण ज्यांची माणसं परगावी पुरली, करोनात कुठे ठेवली तेही ज्यांना नीट बघता आलं नाही, त्यांना मी आजीची ही गोष्ट सांगते.

३. सोयरीक आणि शेजार धर्माच्या पलीकडेही सांभाळावा.

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. हे गेले त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी आली ती शेजारच्या काकूंकडून, आणि त्यांनी बळंबळं दोन घास खायला लावले. माझ्या आईचं माहेर हिंदू. मामांच्या घरी कुणी गेलं की दहावा नीरा नरसिंहपूरला, नीरा-भीमेच्या संगमावर होतो. मी जाते. विधी माझा नाही, पण मामींचा हात धरून काठावर उभं राहणं माझं आहे. हे गेले तेव्हा तीच मंडळी कबरीवर माती द्यायला आली होती, मामांनी तर फेटा काढून हातात धरला होता. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा आम्हीही पाण्याचं पिंप घेऊन रस्त्याला असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर सांगत असत की आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो. मामांसाठी मी रोज प्रार्थना करते. न्याय ज्याचा त्याच्या हाती; तो माझ्यापेक्षा दयाळू आहे.

४. भांडण वर जाऊन मिटवू म्हणू नये.

आमच्या दोन दिरांचं नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं होतं. ऊस दोघांचाही वाळत होता. चर्चमध्ये एक पुढच्या बाकावर, दुसरा दाराशी. प्रभुभोजनाला दोघेही येत, पण एकमेकांकडे बघत नसत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी दोघांना बोलावलं आणि मला एकच ताट वाढायला सांगितलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "वर एका पंगतीला बसायचंय ना? मग आज माझ्यापुढं एका ताटात जेवा." बराच वेळ कुणाचा हात हलला नाही. मग थोरल्याने भाकरी मोडली आणि अर्धी धाकट्यापुढे सरकवली. पाण्याचा हिशेब नंतर कागदावर झाला. सासूबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत, आणि माती देताना दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते.

५. लग्न इथलं, माया कायमची.

विधवा बायका हळू आवाजात एक प्रश्न विचारतात, मीही विचारला होता: तिथे मी ह्यांची बायको असेन का? सदूकींनी येशूला सात भावांशी लग्न झालेल्या बाईबद्दल विचारलं, तेव्हा पुनरुत्थानात लग्नव्यवहार नाही असं त्याने स्पष्ट सांगितलं. पहिल्यांदा ते वचन मला फार लागलं. इतका संसार केला, तो काय गळून पडणार?

त्या दिवसांत मला लक्ष्मीबाई टिळकांचा आधार झाला. १८९५ मध्ये त्यांच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. टिळकांचे सुरुवातीचे अध्याय तेवढे झाले होते. पुढचा बहुतेक सगळा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. नवरा नाही, पण त्याच्या मनातलं काम चालू आहे, याला काय म्हणावं? मायेला लग्नाच्या गाठीची गरज उरत नाही, ती अशी पुढे जाते. आमचे हे संडे स्कूल घेत असत. आता ते मी घेते, त्यांच्याच खडूच्या डब्यासह.

६. आशा असली की हातातलं काम सुटत नाही.

पुण्याला रेल्वेने जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. दुष्काळाच्या फरफटीत त्यांचे आईवडील गेले, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पती. राहिली एकुलती लेक मनोरमा. तिने आईचं काम खांद्यावर घेतलं होतं. २४ जुलै १९२१ ला तीही गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. पण त्या मधल्या महिन्यांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. लेक गेलेल्या आईने पुनरुत्थानाची वचनं शब्द शब्द तपासावीत, यापेक्षा मोठी साक्ष मला माहीत नाही.

७. पोरांशी मोकळं बोलावं.

माझी नात ह्यांच्यामागे जन्मली. एकदा म्हणाली, "आजी, स्वर्गात आजोबा मला कसं ओळखतील? त्यांनी मला बघितलंच नाही." मी तिला मग्दालीया मरियेची गोष्ट सांगितली. बागेत उभा असलेला येशू तिला माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली आणि तिने ओळखलं. तिचं अर्धंच समाधान झालं. "पण आजोबांना माझं नाव कोण सांगणार?"

"मी सांगेन. मी तुझ्या आधी जाणार ना."

मुलगा रागावला, लहान पोरीशी असलं कशाला बोलतेस म्हणून. पण ती त्या रात्री शांत झोपली. मग मी त्यालाही बसवून सांगितलं: मला ह्यांच्या शेजारी ठेव. संगमरवर नको, साधा क्रूस पुरे. जेवणावळी घालू नकोस, ते पैसे संडे स्कूलच्या मुलांच्या वह्यांना दे. भजनं हार्मोनियम-तबल्यावर होऊ देत, आणि मामांच्या घरच्यांना पुढे बसव. त्याने मान खाली घालून सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. शेवटचं भजन कोणतं म्हणायचं, ते ठरवायला पुढच्या रविवारी तो सगळ्यांना घेऊन येणार आहे.