आधी ब्लॉक पाठवा, मग माणूस न्या: हिंगोलीहून कॅन्सरच्या तपासण्यांचा खर्च

गाठीचा तुकडा काढला, आठवड्याने रिपोर्ट आला आणि खाली एक ओळ: ‘आयएचसी करावी’, म्हणजे त्याच तुकड्याची आणखी एक तपासणी. सेनगाव असो की कळमनुरी, इथून घरात धावपळ सुरू होते. कुणी नांदेड म्हणतं, कुणी छत्रपती संभाजीनगर, कुणी थेट मुंबईचं टाटा. उसनेपासने करून गाडी ठरते, पेशंट निघतो आणि निदान ज्यावर उभं आहे ती वस्तू लॅबच्या कपाटात राहून जाते. मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न तिचाच येतो: ब्लॉक आणलाय का?

ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लास्टिकची जाळीदार डबी, तिच्यावर घट्ट बसलेलं पांढरं मेण, मेणात तपकिरी कपच्यासारखा तुमच्या गाठीचा तुकडा आणि कडेला पेन्सिलने लिहिलेला नंबर. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन काचेवर लावतात, त्या स्लाइड. पुढच्या बहुतेक तपासण्या याच ब्लॉकवर होतात, त्यासाठी पुन्हा सुई टोचायची गरज नसते. लॅबला साधा अर्ज द्या आणि ब्लॉक, स्लाइड, रिपोर्ट तिन्ही मागून घ्या. देताना लॅब सही घेते. डबीवरचा आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना, हे तिथेच उभं राहून बघा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ब्लॉक बंद गाडीत किंवा डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

त्याही आधीची एक गोष्ट फुकट आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. तुकडा काढला की तो दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात बुडलेला हवा. पाण्यात किंवा सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा खराब होतो. स्तनाच्या गाठीसाठी फॉर्मेलिनमधला काळ 6 ते 72 तासांच्या आत असावा, नाहीतर हार्मोनच्या तपासणीचा निकाल भरवशाचा राहत नाही. शनिवारी काढलेला तुकडा मंगळवार-बुधवारपर्यंत बाटलीतच पडून राहणार असेल तर हे गणित बिघडतं. म्हणून बाटलीवर नाव, जागा, तारीख आणि वेळ लिहून घ्या आणि ती लॅबला कधी पोचणार हे विचारा.

आता पैशाचं. खासगी दर शहरागणिक बदलतात, त्यामुळे पुढचे आकडे ढोबळ समजा. तुकड्याची साधी तपासणी हजार ते तीन हजार. आयएचसीत प्रत्येक मार्करचे, म्हणजे शोधायच्या प्रत्येक प्रथिनाचे, वेगळे पैसे लागतात, स्तनाच्या तीन मार्करना मिळून अडीच ते सहा हजार. पेट-सीटी दहा ते वीस हजार. जनुकीय तपासणीचं मोठं पॅनल वीस हजारांपासून पुढे, कधी पन्नासच्या वर. या शेवटच्या तपासणीपाशी थांबा. डॉक्टरांना सरळ विचारा: याचा निकाल काहीही आला तरी औषध तेच राहणार असेल, तर ही आत्ता करायची का? चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. पण योजना कॅशलेस आहे, आधी खिशातून भरलेले पैसे परत मिळत नाहीत. शिवाय मंजुरीसाठी निदानाचा रिपोर्ट लागतो. म्हणजे निदान होईपर्यंतचा खर्च घरावर पडतो, आणि माझ्या मते कुटुंबं कर्जात जातात ती इथेच. यावर उपाय एकच: सुरुवातीच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे. तुकडा तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय मुंबईपेक्षा जवळ पडतं. कुठेही पैसे भरण्याआधी त्या दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर योजनेच्या 155388 या नंबरवर फोन करा.

रक्ताच्या कॅन्सरचं मात्र उलटं आहे. तिथे पेशी जिवंत हव्यात. फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे मशिनवर पेशी ओळखण्याच्या तपासणीसाठी, जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त किंवा हाडातली मज्जा एक-दोन दिवसांत मशिनपर्यंत पोचावी लागते. गुणसूत्रांच्या तपासणीला हिरव्या झाकणाची नळी आणि तीच घाई. हिंगोलीत नमुना घेऊन दोन-तीन हातांतून पाठवला तर तो वाया जाण्याची भीती असते, आणि मग मज्जा पुन्हा काढावी लागते. गाठीच्या आजारात ब्लॉक आधी जाऊ शकतो, रक्ताच्या आजारात माणसानेच लॅबजवळ गेलेलं बरं.

या मशिनी कोटींच्या घरातल्या, प्रत्येक दवाखान्याला परवडणाऱ्या नाहीत. म्हणून त्या एका ठिकाणी ठेवून सगळ्यांनी वापरायच्या अशी पद्धत आहे. टाटा स्मारक केंद्राचं खारघरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र त्याचं आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण. टाटाच्या परळच्या दवाखान्यात दाखवलेल्या पेशंटच्या रक्ताच्या कॅन्सरच्या तपासण्या खारघरच्या लॅबमध्ये होतात. त्याच आवारात संशोधकांसाठी फ्लो सायटोमेट्री, कन्फोकल सूक्ष्मदर्शक, डीएनए सिक्वेन्सिंग, मास स्पेक्ट्रोमेट्री अशा सामाईक सुविधा आहेत.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलांनीही हे लक्षात ठेवावं. वसमतच्या हळदीतल्या कुरक्युमिनवर काम करायचं तर मशीन आपल्या कॉलेजात हवीच असं नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं आणि ती वापरायची सोय सापडते. नमुना पाठवण्याआधी दर लेखी मागवा आणि जीएसटी त्यात धरलाय का ते बघा. पेशंटच्या घरच्यांना एवढंच सांगतो: हळदीच्या महागड्या कॅप्सूलने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. त्या चालू असतील तर किमोआधी डॉक्टरांना सांगा.

मुंबई टळतच नसेल तर प्रवासाचा खर्च बराच वाचतो. कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. जनरल डब्यात दोघांनाही 75 टक्के. त्यासाठी उपचार करणाऱ्या दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा सवलतीचा फॉर्म लागतो आणि तिकीट रिझर्व्हेशनच्या खिडकीवरच काढावं लागतं. म्हणून पहिल्या फेरीतच पुढच्या तारखेचा फॉर्म भरून घ्या. नांदेडहून किंवा पूर्ण्याहून रात्रीची गाडी धरली की स्लीपरचा पूर्ण फायदा मिळतो.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्हीकडे गर्दी असते. टाटाच्या समाजसेवा विभागातून पत्र घ्या आणि ते पहिल्याच दिवशी, केसपेपर झाल्या झाल्या मागा. दुपार टळली की त्या रात्रीची जागा मिळणं अवघड होतं.