कुलाब्याच्या नोंदवहीतील वादळ

टेबलावर होकायंत्र ठेवले, की त्याची सुई थोडी डुलते आणि उत्तर-दक्षिण स्थिर होते, असे तुम्ही म्हणाल. पण ती पूर्ण स्थिर कधीच नसते. दिवसभरात ती काही कलांनी इकडेतिकडे सरकते. (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला.) साध्या डोळ्यांना ते दिसत नाही, इतकेच.

आता चुंबकाला छोटासा आरसा चिकटवा आणि त्यातील मोजपट्टीचे प्रतिबिंब दुर्बिणीतून पाहा. आरसा जितका फिरतो, त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो, हे तुम्ही शिकला आहातच. पट्टी पाच मीटरवर असेल, तर एका कलेच्या फिरण्याने प्रतिबिंब सुमारे तीन मिलिमीटर सरकते. हिशेब करून पाहा.

जर्मनीतील गटिंगेन येथे गाउस आणि वेबर अशीच निरीक्षणे करीत. पण सुई हलली, ती कशामुळे? पृथ्वीच्या चुंबकत्वात बदल झाला, की खिडकीखालून लोखंडी धावांची गाडी गेली? (प्रयोगशाळेत खिशात किल्ल्या ठेवून सुईशी झटणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो!) एका ठिकाणी बसून याचे उत्तर मिळत नाही. त्याच क्षणी बर्लिन, लाइप्झिग, मिलान येथील सुयाही हलल्या असतील, तरच कारण सर्वांना समान म्हणता येईल.

म्हणून त्यांनी चुंबकीय संघ स्थापन केला. ठरलेल्या दिवशी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, सर्वांनी गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे नोंद करायची. म्हणजे दिवसाला २८८ नोंदी! १८३६ ते १८४१ या काळातील निष्कर्ष संघाने छापून प्रसिद्ध केले. दूरदूरच्या गावांचे आलेख एकमेकांशी जुळले, तेव्हा सुईचे ते हलणे स्थानिक नव्हते हे उघड झाले. गटिंगेन व मुंबई यांच्या रेखांशांत सुमारे ६३ अंशांचे अंतर आहे. गटिंगेनला दुपारचे बारा वाजले, की मुंबईत सूर्याप्रमाणे किती वाजले असतील? अंशाला चार मिनिटे धरा. चार वाजून बारा मिनिटे येतील.

पुढे ब्रिटिशांनी जगभर अशा वेधशाळांची साखळी उभारली. त्यात जहाजांच्या होकायंत्रांचा स्वार्थ होताच. मुंबईत कुलाब्याला १८४१ मध्ये चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. रात्रीबेरात्री दुर्बिणीला डोळा लावून आकडे लिहिणाऱ्या साहाय्यकांची नावे सहसा कोणी सांगत नाही. त्यांचे आकडे मात्र राहिले.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झगझगीत ज्वाला पाहिली. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. युरोपातील काही वेधशाळांत सुई पट्टीबाहेरच गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाची घट नोंदली गेली : सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मूळ मूल्याच्या चार टक्क्यांच्या आसपास. ही वही १४४ वर्षांनी कामी आली. २००३ मध्ये त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिच्यावरून त्या वादळाची तीव्रता काढली. मार्च १९८९ मधील याहून कितीतरी लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली होती. तेव्हा १८५९ सारखे वादळ आज आले तर काय, याचा अंदाज बांधणाऱ्या कोणत्याही देशाच्या अभियंत्याला कुलाब्याचा आकडा हवा असतो.

ही मालिका एकदा तुटायच्या बेतात होती. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार होत्या, आणि त्यांच्या प्रवाहाने सुई बहकली असती. म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला, लोह नसलेल्या दगडाची नवी वेधशाळा बांधली गेली. तिथे १९०४ मध्ये काम सुरू झाले, तरी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या मूल्यांतील फरक कळल्याशिवाय जुने आकडे नव्यांना जोडता आले नसते. १९१० मध्ये संचालक नानाभॉय मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी दोन खंडांत छापल्या. अलिबागला ते काम आजही चालू आहे.